डिस्क जिवंत होती: रेड मोडला खुले पत्र

प्रति,
रेड मोड,
मुक्काम बायोस, स्टोरेजचे पान, ओळ दुसरी.

वर श्रीयुत लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. सप्रेम नमस्कारही नाही. ज्याच्यामुळे आम्ही एक धडधाकट डिस्क हातोडीने फोडली, त्याला नमस्कार घालण्याइतकं माझं मन मोठं नाही. हे पत्र तुला असलं तरी उघड्यावर लिहितोय, कारण तुझं काम सगळं आडून चालतं आणि तुझ्याबद्दल चार लोकांना माहीत असणं फार गरजेचं आहे.

आमचं तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. ब वर्ग. मी त्याचा कार्यवाह. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चं आयुष्य अधिकृतपणे संपलं, तेव्हा शहरातल्या एका कंपनीने तिच्याकडचे जुने लॅपटॉप वाटायला काढले. प्रोसेसर सातव्या पिढीचे, म्हणजे विंडोज 11 च्या यादीत न बसणारे. पण 8 जीबी रॅम, स्वच्छ पडदे, कीबोर्डाचं एक बटणही सैल नाही. दिवाळीनंतर त्यातले बारा आमच्याकडे आले. स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना अर्ज भरायला, वाचायला, मराठीत टाइप करायला शिकायला जागा होईल, या आनंदात मी टेबलांना नवा सनमायका लावून घेतला होता. बाराही लॅपटॉपांवर डेबियन 13 हे लिनक्स घालायचं ठरलं. फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर हलकं चालतं आणि मराठीही दाखवतं.

नऊ लॅपटॉप एका दुपारी झाले. उरलेल्या तीन लॅपटॉपांवर पार्टिशनच्या पानाशी आलं की यादीत एकच नाव दिसायचं: आमचाच 16 जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यावरून इन्स्टॉलर चालला होता. लॅपटॉपची स्वतःची डिस्क नाही. नाव नाही, आकडा नाही, चूक झाल्याची लाल ओळसुद्धा नाही. घरात पाऊल टाकावं आणि घराला जमीनच नसावी, तसं ते पान होतं. बारावीतली एक मुलगी मदतीला होती. दोनदा तिचं बोट त्या पेनड्राइव्हवर एंटर दाबायच्या बेतात होतं. दाबलं असतं तर इन्स्टॉलरने स्वतःचीच पाटी पुसली असती.

आता तुझी करामत पहिल्यापासून सांगतो, कारण लोकांना ती अशीच टप्प्याटप्प्याने भेटते.

आधी आम्ही पेनड्राइव्हवर संशय घेतला. तो पुन्हा लिहिला, मग दुसरा घेतला, मग दुसऱ्या लिनक्सचा घेतला. मग सिक्युअर बूट बंद केलं. त्याचा या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता. मग तळाचे स्क्रू काढून डिस्कची पट्टी बाहेर काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, पुन्हा बसवली. काहीच फरक नाही. शेवटी बाजारपेठेतल्या दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं.

दादा प्रामाणिक माणूस आहे. त्याने पट्टी हातात घेतली आणि डोकं लावून परीक्षा केली. ज्या नऊ लॅपटॉपांवर सगळं सुरळीत होतं, त्यातल्या एकात ही पट्टी घातली. मॉडेल तेच, खाच तीच. इन्स्टॉलर लावला. दिसली नाही. त्या लॅपटॉपची मूळची पट्टी परत घातली. लगेच दिसली. यापेक्षा वेगळी परीक्षा कुणी काय करणार? तिन्ही पट्ट्यांना हाच निकाल मिळाला. दादा म्हणाला, "काका, तिन्ही गेल्या. वीज कमीजास्त झाली की जातात अशा."

देणाऱ्या कंपनीची अट होती: निकामी निघालेली डिस्क फोडून टाकावी आणि फोटो पाठवावा, म्हणजे जुनी माहिती कुणाच्या हाती लागू नये. अट रास्त आहे. मी पहिली पट्टी वाचनालयाच्या मागच्या पायरीवर ठेवली आणि हातोडी मारली. तीन घावांत काळ्या चिपचे तुकडे झाले. फोटो काढला, पाठवला. उरलेल्या दोन शनिवारी फोडायच्या ठरल्या. तोवर एक नवी 256 जीबीची पट्टी 2,600 रुपयांना आणली. ते पैसे आमच्या एका वर्गणीदार बाईंनी दिले होते. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी पाकीट देताना सांगितलं होतं की पोरींच्या कामाला लावा.

नवी पट्टी बसवली. इन्स्टॉलर लावला. यादीत पेनड्राइव्ह, आणि पुढे काही नाही.

तिथे ती बारावीतली मुलगी म्हणाली, "सर, नवीनपण मेलीच कशी?"

या एका प्रश्नापुढे तुझं सगळं नाटक उघडं पडलं, रेड मोड. ती उठली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, एफ2 दाबून बायोसमध्ये गेली आणि माहितीच्या पानावर बोट ठेवलं. तिथे पट्टीचं नाव होतं, 256 जीबी हा आकडा होता. डिस्क यंत्राला दिसत होती. बायोस तिला नावाने ओळखत होतं. फक्त आम्हाला भेटू देत नव्हतं. मग तिने इन्स्टॉलर पुन्हा लावला, त्याच्या मागची काळी खिडकी उघडली आणि कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सुरू होताना लिहून ठेवलेल्या शेकडो ओळी खाली खाली वाचत गेली. त्यात ते सापडलं. शब्द इंग्रजी होते, अर्थ असा: फिरवून ठेवलेली एक एनव्हीएमई डिस्क सापडली आहे, ती वापरायची तर बायोस रेडवरून एएचसीआय या साध्या मोडवर न्या.

म्हणजे कर्नेलने पहिल्या दिवसापासून, प्रत्येक वेळी, चालू झाल्याच्या काही क्षणांत खरं सांगितलं होतं. गुन्हेगाराचं नाव आणि पत्ता दोन्ही. आम्ही हातोडी उचलली त्या दिवशीही ती ओळ तिथे होती.

आता तू काय करतोस ते सरळ भाषेत मांडतो. जुन्या पद्धतीच्या साटा डिस्क एका नियंत्रकाला जोडलेल्या असतात, आणि तू त्या नियंत्रकावर बसलेला असलास तरी लिनक्सला त्या दिसतात. आमच्या नऊ लॅपटॉपांत साटा पट्ट्या होत्या, म्हणून ते पार पडले. एनव्हीएमई पट्टी दिसायला तशीच, खाचही तीच, पण ती वेगळ्या रस्त्याने, थेट पीसीआय एक्स्प्रेसवर, बसते. त्या रस्त्यावर ती स्वतःचं नाव सांगत उभी असायला हवी. तू चालू असलास की तिला त्या रस्त्यावरून उचलतोस आणि साटा नियंत्रकाच्या आतल्या खोलीत नेऊन बसवतोस. बाहेरून यंत्राची झडती घेणाऱ्याला तिचा दरवाजाच सापडत नाही. ज्याच्याकडे तुझा खास ड्रायव्हर आहे, त्यालाच आतून तिच्यापर्यंत जाता येतं. आमच्या दादाची परीक्षा म्हणूनच फसली. त्याने बदलून पाहिलेल्या लॅपटॉपातही तूच बसला होतास. साक्षीदार बदलला, पण धमकावणारा तोच राहिला, तर साक्ष कशी बदलेल?

लिनक्सची आणि या डिस्कची ओळख नव्हती, असं म्हणायचीही सोय नाही. एनव्हीएमईचं पहिलं अधिकृत रूप 2011 साली आलं आणि 2012 मध्ये तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये होता. तुझ्या या लपवाछपवीतून वाट काढायचे प्रयत्नही कर्नेलच्या लोकांसमोर आले, पण मुख्य कर्नेलने ते घेतले नाहीत. पुरेशी माहिती उघड न करता बांधलेल्या आडवाटेवर लोकांची माहिती सोपवायला ते तयार झाले नाहीत. त्यांनी एवढंच केलं की तू दिसलास की एक इशारा लिहून ठेवायचा. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. मात्र तो इशारा माणसाच्या डोळ्यांपुढे यायला हवा होता, हेही तितकंच खरं.

तुझ्या घराण्याबद्दल बोलायलाच हवं. रेड हे नाव 1988 च्या एका शोधनिबंधातून जगापुढे आलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तो लिहिला. कल्पना किती सुंदर होती! एका महागड्या डिस्कवर भरवसा ठेवण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा, माहिती अशी वाटून ठेवा की त्यातली एखादी मेली तरी काही हरवणार नाही. त्या कल्पनेवर बँका, रुग्णालयं आणि मोठमोठी माहितीकेंद्रं उभी राहिली. हरवू नये म्हणून जन्मलेलं ते नाव. आणि तू ते नाव लावून एका लॅपटॉपात बसतोस, जिथे डिस्क एकच आहे. एकट्या माणसाचं भजनी मंडळ काढून टाळ कुणाच्या हातात देणार होतास? तिथे जपायला दुसरी प्रत नाही, वाटून द्यायला दुसरी डिस्क नाही. घराण्याने मेलेल्या डिस्कमधूनही माहिती वाचवली. तू जिवंत डिस्क मेलेली ठरवलीस.

तुझ्या बाजूनेही जे खरं आहे ते मी लिहितो. दोन-तीन डिस्कच्या यंत्रात तुझा उपयोग आहे. विंडोजमध्ये तुझ्या ड्रायव्हरने काही सोयी मिळत होत्या, म्हणून लॅपटॉप बनवणारे तुला कारखान्यातूनच चालू ठेवून पाठवत. तुझ्या असण्याला माझी हरकत नाही. तू असल्याचं कुणाला सांगत नाहीस, याला आहे. कुलूप लावणाऱ्याने दारावर पाटी लावावी. दारच नाही असं भासवू नये.

हा त्रास फक्त आम्हा आडगावच्या लोकांना झाला असंही नाही. 2016 च्या सप्टेंबरात लेनोव्होच्या योगा 900 या लॅपटॉपवरून मोठा गदारोळ झाला होता. त्या यंत्राच्या बायोसमध्ये तुला हटवायची ओळच ठेवलेली नव्हती. लोक लिनक्स घालायला गेले आणि त्यांना डिस्क दिसेना. लेनोव्हो आणि विंडोजची कंपनी या दोघींनी मिळून लिनक्सला बंदी घातली, अशी वदंता जगभर पसरली. खरं कारण तू होतास. शेवटी त्याच वर्षी लेनोव्होला लिनक्स वापरणाऱ्यांसाठी वेगळं बायोस द्यावं लागलं. अबोल सेटिंगमुळे माणसं किती लांबचा संशय घेतात, ते त्यातून दिसलं. जे सांगितलं जात नाही, त्याची जागा अफवा घेते.

आणि तू एकटाही राहिलेला नाहीस. 2020 मध्ये अकराव्या पिढीच्या प्रोसेसरचे लॅपटॉप आले, तेव्हापासून तुझा धाकटा भाऊ व्हीएमडी घरोघर पोचला. त्याच्या बाबतीत चक्र उलटं फिरलं आहे. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये 2016 पासून आहे, आधी सर्व्हरसाठी, पुढे लॅपटॉपसाठी. त्यामुळे ताज्या कर्नेलच्या इन्स्टॉलरला बहुतेक वेळा त्याच्यामागची डिस्क सापडते. विंडोज 11 चा इन्स्टॉलर मात्र अशा कित्येक लॅपटॉपांवर रिकामी यादी दाखवतो, आणि वेगळा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून ज्यांना हे लिनक्सचं दुखणं वाटतं, त्यांनी जरा थांबावं. तुम्ही विंडोज पुन्हा घालायला बसाल, त्या दिवशी हीच कोरी यादी तुमच्याही पुढे येऊ शकते.

तुला हटवायला आम्हाला दोन मिनिटं लागली. बायोस उघडलं, स्टोरेजच्या पानावर साटा ऑपरेशन या ओळीत रेड ऑन असं लिहिलं होतं. ते एएचसीआय केलं. यंत्राने विचारलं, बदल केल्यास आतली प्रणाली सुरू होणार नाही, खात्री आहे का? आमच्या डिस्क पुसलेल्या होत्या, त्यामुळे हो म्हणायला भीती नव्हती. जतन केलं, इन्स्टॉलर लावला, आणि काळ्या खिडकीत एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा दिली. पेनड्राइव्हखाली एक नवी ओळ उमटली, एनव्हीएमईची, आकडा 238.5. मुलगी जोरात ओरडली, "सर, आली!" वाचनकक्षातल्या तीन आजोबांनी वर्तमानपत्रं खाली केली. 256 चे 238.5 कसे, असं एकाने विचारलंही. बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात आणि यंत्र 1024 च्या, म्हणून तो फरक. एक बाइटही कमी नव्हता.

मग आम्ही फोडायला ठेवलेल्या दोन पट्ट्या आपापल्या जागी बसवल्या. दोन्ही दिसल्या. दोन्ही पूर्ण धडधाकट.

मी पायरीकडे बघितलं आणि मला तिथे बसावं लागलं.

ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोज अजून आहे आणि ते ठेवून शेजारी लिनक्स घालायचं आहे, त्यांनी मात्र आमच्यासारखा थेट बदल करू नये. विंडोज तुझ्याच ड्रायव्हरवर सुरू व्हायला शिकलेलं असतं. तुला अचानक हटवलं की ते निळा पडदा दाखवून थांबतं. माणूस पुन्हा घाबरतो. रीत अशी: आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये जाऊन रेडचं एएचसीआय करायचं. सेफ मोडमध्ये विंडोज नवा ड्रायव्हर स्वतः उचलतं, त्यानंतर सेफ मोड काढून नेहमीसारखं सुरू करायचं. आणि या सगळ्याच्याही आधी बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप चालू आहे का ते बघायचं. असेल तर त्याची 48 आकड्यांची किल्ली कागदावर उतरवून ठेवायची आणि संरक्षण तात्पुरतं थांबवायचं. ती किल्ली नसताना बायोसशी खेळलेल्या माणसाची माहिती खरोखरच जाऊ शकते. तिथे डिस्क जिवंत असूनही काही हाती लागत नाही.

तुझी आणखी एक खोड मला पुढच्याच महिन्यात कळली. गावातल्या एका मुलाचा नवा लॅपटॉप आला. त्याच्या बायोसमध्ये तुझ्या भावाला बंद करायची ओळच नव्हती. सगळी पानं पालथी घातली. शेवटी मुख्य पानावर कंट्रोल आणि एस एकदम दाबल्यावर ती ओळ उगवली. आधी डिस्क लपवायची, मग ती लपवणारी सेटिंग लपवायची, मग सेटिंग दाखवणारं बटण लपवायचं, आणि या तिन्ही पडद्यांबाहेर उभ्या असलेल्या पोराला वाटू द्यायचं की आपल्यालाच काही येत नाही. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. त्या मुलाने हळू आवाजात विचारलं होतं, "काका, माझ्याकडून काही बिघडलं का?" त्याच्याकडून काहीही बिघडलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने यंत्र उघडू पाहणाऱ्या पोरांच्या मनात हा प्रश्न पेरणं, याला मी गुन्हाच म्हणतो. 2,600 रुपये भरून येतील. यंत्राला हात लावायची भीती एकदा बसली की ती काढायला वर्षं जातात.

करणाऱ्याला हे जमतं, हेही लिहून ठेवतो. उबंटूच्या इन्स्टॉलरने 20.04 च्या आवृत्तीपासून तुला ओळखून पडद्यावर स्पष्ट सांगायला सुरुवात केली: या यंत्रात हे तंत्र चालू आहे, ते बंद केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. काम अडतंच, पण माणसाला कुठे जायचं ते कळतं. हातोडी कुणी उचलत नाही. इतर इन्स्टॉलरांनीही, कर्नेल जे आतल्या वहीत लिहितं तेच, यादीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावं. मराठीतही लिहावं. भाषांतराला माणूस हवा असेल तर ती मुलगी तयार आहे, आणि मीही. आणि दुरुस्तीवाल्या दादालोकांना माझी हात जोडून विनंती आहे: डिस्क गेली असं म्हणण्याआधी बायोसचं माहितीचं पान एकदा उघडा. तिथे नाव आणि आकडा दिसत असेल, तर तिला मेलेली म्हणू नका. आमच्या दादाने ते पान पाठ केलं आहे. दोनच आठवड्यांत त्याने एका शिक्षिकेची डिस्क अशीच परत मिळवून दिली आणि तिच्याकडून एक रुपया घेतला नाही.

बाराही लॅपटॉप आता चालू आहेत. प्रत्येकाच्या झाकणाच्या आत त्या मुलीने कागद चिकटवला आहे, तुझं नाव आणि तुला कुठून काढायचं ते लिहून. निवृत्त बाईंना मी स्वतः घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पट्टी वापरात आहे ना? मग झालं." नवी पट्टी पहिल्या लॅपटॉपात आहे, फोडलेल्या पट्टीच्या जागी.

कीर्दीत एक नोंद मात्र खोटी पडली होती. खरेदीच्या दिवशी कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, जुनी डिस्क निकामी. परवा ती ओळ लाल शाईने खोडून, तारीख घालून, खाली सही करून नवीन लिहिली: जुनी डिस्क चांगली होती. रेड मोडमुळे दिसली नाही. आमच्या हातून फोडली गेली. तिचे तुकडे लखोट्यात घालून पावतीला टाचले आहेत. लेखापरीक्षक मार्चनंतर येतील. त्यांनी विचारलं तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेवीन.

कार्यवाह,
सार्वजनिक वाचनालय